अर्ध्या भाकरीवर जबडा थांबतो : मायस्थेनिया आणि चावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकत जाण्याचा आजार. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव, कोरडवाहू कपाशी-तुरीचं. आजाराचं नाव कळायला चौदा महिने लागले. तेवढ्यात तिच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या होत्या, कारण तिची तक्रार एकच होती, "चावता येत नाही." त्याला आता आठ वर्षं झाली. कुणाकडून तरी नंबर मिळवून लोक फोन करतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस इथे शोधू नका, तो तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण ताटावर बसलेल्या माणसाचं काय होतं, हे मी रोज दोन वेळा पाहिलं आहे.

"ताई, पहिले चार घास बरोबर जातात, मग जबडा भरून येते. हे काय असंन?"

फोनवर हे वाक्य ऐकलं की मी सावरून बसते. मायस्थेनियात चावणं अगदी असंच बिघडतं. सुरुवात चांगली होते. मग चावण्याचा वेग मंदावतो, घास गालात फिरत राहतो, तोंड पुरतं मिटत नाही. माणूस नकळत हनुवटीखाली हात लावतो आणि हातानं जबडा वर ढकलून चावतो. माझी आई पदराआड हे करायची. आम्हाला वाटायचं, दाढ दुखते म्हणून गाल धरते.

दुखत मात्र नसतं. थकवा असतो, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबलं की परत चार घास चावता येतात. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. कामानं वाढतं, विश्रांतीनं उतरतं. हा चढउतारच या आजाराची मुख्य खूण आहे.

सोबत आणखी काही दिसतं का ते बघा. पापणी एका किंवा दोन्ही डोळ्यांवर उतरते का? एकाच्या दोन वस्तू दिसतात का? बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागतो का? केस विंचरताना हात खाली येतात का? दोन तृतीयांश रुग्णांत आजार डोळ्यांपासून सुरू होतो. साधारण १५ टक्क्यांत मात्र सुरुवातच चावणं, गिळणं किंवा बोलण्यापासून होते, आणि हेच लोक सगळ्यात जास्त भटकतात, कारण ते आधी दाताच्या डॉक्टरकडे जातात.

हा आजार नेमका आहे तरी काय?

विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. मोटार चांगली आहे, डीपीपासून आलेली तारही धड आहे, पण तार जिथे मोटारीला जोडली तिथलाच जोड कमजोर झाला. मोटार चालू होते, थोडं पाणी फेकते आणि बसते.

शरीरात तार म्हणजे नस आणि मोटार म्हणजे स्नायू. नसेच्या टोकातून एसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरांना, जाऊन लागतं. तेव्हा स्नायू आवळतो. मायस्थेनियात शरीराची रोगप्रतिकारशक्ती, जी बाहेरच्या जंतूंशी लढायला असते, तीच चुकून या रिसेप्टरांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करते. रिसेप्टर अडवले जातात, काही नष्ट होतात. एकच हालचाल परत परत केली की नसेतून सुटणारं रसायन प्रत्येकाचंच थोडं कमी होत जातं. निरोगी माणसाकडे शिल्लक भरपूर असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही. इथे शिल्लकच नसते, म्हणून स्नायू थांबतो.

नाव जर्मन डॉक्टर जॉली यांनी १८९५ मध्ये रूढ केलं. उपचाराची वाट १९३४ मध्ये उघडली. इंग्लंडमधल्या मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की या रुग्णांची लक्षणं कुरारे नावाच्या विषाच्या परिणामासारखी दिसतात, आणि त्यांनी त्या विषावरचा उतारा रुग्णाला देऊन पाहिला. आज आई घेते ती गोळी त्याच घराण्यातली आहे.

पण जबडाच का थकतो? हातपाय तर चालतात.

हातपायही थकू शकतात. पण एका भाकरीला जबडा किती वेळा मिटावा लागतो, कधी मोजून बघा. मी आईसोबत बसून मोजलं होतं. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा एक घास तीस-पस्तीस वेळा चावला जातो. अख्ख्या भाकरीचे शेकडो झाले. विश्रांती न घेता इतक्या वेळा तीच हालचाल जबड्याला करावी लागते.

दुसरं म्हणजे तोंड उघडायला फार जोर लागत नाही, जबडा स्वतःच्या वजनानं खाली येतो. जोर लागतो तो मिटायला. गालातला मोठा स्नायू आणि कानशिलावरचा स्नायू हे काम करतात, आणि मायस्थेनियात जबडा मिटणारे स्नायूच जास्त कमजोर होतात. म्हणून जेवण संपता संपता काही रुग्णांचं तोंड उघडंच राहतं.

खर्रा खाऊन तोंड आखडते, त्यातलंच हे नाही का?

नाही, आणि आपल्या भागात हा फरक कळणं फार गरजेचं आहे. खर्र्यानं (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणानं), सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढरट-कडक लागत असतील, तर तो वेगळा आजार आहे. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, तेव्हा लगेच दाखवा. मायस्थेनियात तोंड उघडतं, पण मिटलेलं राहत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

दाताचं दुखणं एका जागी असतं, गरम-थंड लागतं. जबड्याच्या सांध्याचं असेल तर कानापाशी दुखतं आणि कटकट वाजतं. वय पन्नाशीच्या वर असून चावताना जबडा दुखत असेल, सोबत नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसत असेल, तर रक्तवाहिनीच्या सुजेचा एक आजार असतो. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण त्यात नजर जाऊ शकते, त्यामुळे थांबू नका. धनुर्वातात जबडा घट्ट बसतो. अर्धांगवायूत तोंड अचानक वाकडं होतं. लाखोळीच्या डाळीनं पाय आखडतात, जबडा नाही.

काल रात्री चांगला होता, सकाळी उठला तर पापण्या मिटलेल्या, थुंकी गिळता येत नाही. मायस्थेनिया आहे का?

आधी साप चावला असं समजा आणि १०८ ला फोन करा. वाचणं इथेच थांबवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा दुखत नाही, व्रणही दिसत नाही. मांत्रिकाकडे घालवायला तुमच्याकडे एक मिनिटही नाही. मायस्थेनिया असा एका रात्रीत उभा राहत नाही. नागाचं विष मात्र नेमक्या त्याच एसिटिलकोलीनच्या ग्राहकांवर बसतं, म्हणून लक्षणं इतकी सारखी दिसतात.

तपासणी कोणती, आणि जायचं कुठे?

न्यूरॉलॉजिस्ट म्हणून विचारा. तालुक्याला बहुतेक नसतात. आमच्याकडचे लोक सेवाग्राम किंवा सावंगीच्या मेडिकल कॉलेजात जातात. नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, मेयो आणि मिहानमधलं एम्स आहे. जाण्याआधी फोन करून किंवा कुणाला तरी विचारून न्यूरॉलॉजीच्या ओपीडीचा दिवस कळून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं आणि मजुरी दोन्ही जातात.

एक काम घरूनच करून न्या : संध्याकाळच्या जेवणाचा व्हिडिओ. मोबाइल समोर ठेवा, पहिल्या घासापासून जबडा थांबेपर्यंत. सकाळच्या ओपीडीत रात्रभर झोपून आलेला माणूस ठणठणीत दिसतो. आईला दोनदा "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी मी व्हिडिओ दाखवला, डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि तिला एक मिनिट छताकडे बघत राहायला सांगितलं. चाळीस सेकंदांत डावी पापणी खाली आली.

पुढच्या तपासण्या अशा : उतरलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून ती वर येते का ते बघतात. नसेला विजेचे हलके झटके परत परत देऊन स्नायूचं उत्तर घसरतं का ते मोजतात, चहा थंड होईपर्यंत होऊन जातं. रक्तात एसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं पाहतात. अंगभर पसरलेल्या आजारात ती साधारण ८५ टक्क्यांना सापडतात. ती नाही सापडली म्हणजे आजार नाही, असं होत नाही. मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं २००१ मध्ये कळली, आणि ज्यांना चावणं-गिळणं-बोलणं हाच त्रास प्रामुख्यानं आहे त्यांच्यात ती जास्त सापडतात. म्हणून पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तर "मस्कची तपासणी करायची का?" हे जरूर विचारा. छातीचा सीटीही काढतात. त्याचं कारण पुढे सांगते.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले योजना आणि आयुष्मान कार्डात काय बसतं ते योजनेच्या हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, पैसे भरण्याच्या आधी.

गोळी जेवणानंतर घ्यायची की आधी?

आधी. पायरिडोस्टिग्मिन नावाच्या गोळीबद्दल बोलते आहे. जोडापाशी सुटलेलं एसिटिलकोलीन मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याला ही गोळी अडवते, म्हणून असलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. परिणाम अर्ध्या-पाऊण तासानं सुरू होतो, दीड-दोन तासांच्या सुमारास सगळ्यात चांगला असतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. आमच्याकडे सवय आहे, "औषध म्हणजे जेवणानंतर." मेडिकल स्टोअरवालाही पाकिटावर तसंच लिहून देतो. आई कित्येक आठवडे ताकद नसताना जेवायची आणि जेवण संपल्यावर तिच्या जबड्यात ताकद यायची.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "जेवणाच्या किती आधी?" बहुधा अर्धा ते एक तास सांगतात. रिकाम्या पोटी मुरडा येत असेल तर सोबत अर्धी वाटी दूध किंवा एखादं बिस्किट चालतं. पोट ढिलं होणं, तोंडाला पाणी सुटणं, घाम हे या गोळीचे ओळखीचे त्रास आहेत. गोळ्या आपल्या मनानं वाढवू नका. जास्त झाल्या तरीही अशक्तपणा येतो, आणि सोबत लाळ, जुलाब, अंगाचं फडफडणं वाढतं. लांब पल्ल्याची, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी असेल तर ती कुटून देऊ नका, एका वेळी सगळं औषध सुटतं.

काय खाऊ घालू? भाकर बंद करायची का?

भाकर बंद करा असं मी कुणाला म्हणणार नाही. साठ वर्षं ज्वारी खाल्लेल्या माणसाचं ताट तिच्याशिवाय रिकामं वाटतं. भाकरीचा प्रकार आणि वेळ बदला. ताजी, मऊ, पातळ भाकर गरम वरणात किंवा दुधात कुस्करून पूर्ण भिजू द्या, दहा मिनिटं झाकून ठेवा. वरून पातळ पाणी आणि आत कडक तुकडे असा काला ठसका लावतो, कारण तोंडात पाणी आधी सरकतं आणि तुकडे मागे राहतात.

आमच्या घरी सगळ्यात जास्त चालल्या त्या ज्वारीच्या कण्या, ताकात शिजवलेल्या, दाट. आंबील, मऊ खिचडी, घोटलेलं वरण आणि भात, कढी-भात. भरड्याचा गोळा कढीत मोडून. पिकलेलं केळ, पपई, उकडून कुस्करलेलं कोहळं. अंबाडीची भाजी तुरीची डाळ घालून चांगली घोटा, वरून तेल. संत्र्याचं साल-बी-रेषा काढून नुसता गर द्या. फोड तशीच दिली तर गालात अडकून बसते.

बिनचवण्याच्या खाण्यात डाळी आणि अंडी कमी पडतात आणि माणूस वाळत जातो. आईचं वजन पहिल्या वर्षी नऊ किलो उतरलं होतं. म्हणून कण्यांत दही, खिचडीत जास्त डाळ, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून, जवस-तीळ बारीक कुटून वरणावर. मटण खाणाऱ्यांनी खिमा करावा. सावजीचं तिखट मात्र सोडा, तिखटानं ठसका लागतो आणि या माणसाला खोकून घास बाहेर टाकण्याचीही ताकद कमी असते.

टाळायचं ते : रोडगे, फुटाणे, खारे शेंगदाणे, कोरडे मुरमुरे, चिवडा, पापड, कडक टोस्ट, चिकट साबुदाणा. खूप गरम जेवणापेक्षा कोमट किंवा गार बऱ्याच जणांना सोपं जातं.

आणि दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. जड जेवण सकाळी, रात्री फक्त पेज-कण्या. जेवणाआधी अर्धा तास गप्प पडून राहायचं, फोनसुद्धा नाही. बोलायलाही तेच स्नायू लागतात.

घरातली सून आहे, तिला हा आजार आहे. सगळ्यांचं झाल्यावर जेवते. काही फरक पडते का?

खूप फरक पडतो. हा प्रश्न मला एका सासूबाईंनी विचारला होता आणि विचारल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

आपल्या घरांतली रीत बघा. बाई पहाटे उठते, पाणी भरते, स्वयंपाक, मग वावरात वेचा किंवा निंदण, संध्याकाळी परत चूल. पुरुष जेवतात, पोरं जेवतात, आणि नऊ-साडेनऊला ती उरलेली, थंड होऊन कडक झालेली भाकर घेऊन बसते. मायस्थेनियाच्या रुग्णाला चावण्यासाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि सगळ्यात कठीण अन्न, दोन्ही तिच्या वाट्याला येतात. मग ती दोन घास खाऊन उठते आणि घरचे म्हणतात, "हिले जेवणच जात नाही." माझ्या आईनं असं किती दिवस केलं असेल, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

तिला आधी जेवू द्या. गोळीनंतर तासाभरानं, मग घरात कुणी यायचं बाकी असो की नवरा अजून वावरात असो. पहिली भाकर तव्यावरून उतरली की तिची. सुरुवातीला तिलाच संकोच वाटेल. आमच्या आजीनं तोडगा काढला, ती स्वतः आईसोबत साडेसहाला बसू लागली. म्हातारी सासू सोबत बसल्यावर सुनेला कोण बोलणार?

पाणी पिताना नाकातून येते, ठसका लागते. काय करावं?

घशाच्या मागचा पडदा आणि गिळण्याचे स्नायूही थकले आहेत, हे डॉक्टरांना लवकर कळवा. तोवर ताठ बसून, हनुवटी थोडी छातीकडे झुकवून, लहान घोट.

आपल्याकडे तांब्या उंच धरून मान मागे टाकून वरून पाणी ओततात. हे या रुग्णानं कधीही करू नये. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते आणि पाणी फुफ्फुसात उतरू शकतं. भांडं उष्टं होतं म्हणून वरून पिण्याची सवय असेल तर त्या माणसाचा पेला वेगळा ठेवा आणि ओठ लावून पिऊ द्या. घासावर घास पाण्यानं ढकलू नका, आडवं झोपवून भरवू नका, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. आणि जेवताना "अजून एक घास" असा आग्रह नको.

चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे?

नव्या आजारात आणि गिळणं बिघडलेलं असताना नको. आजार स्थिर झाल्यावर डॉक्टरांना विचारून, गोळीची वेळ न चुकवता. गोळीला उपास नसतो.

स्टेरॉइड लिहून दिलं, भीती वाटते. आणि छातीचं ऑपरेशन कशाला?

गोळी फक्त जोडावरची कसर भरून काढते. मूळ बिघाड रोगप्रतिकारशक्तीचा, आणि त्यावर प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन वगैरे औषधं चालतात. स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही जणांचा त्रास वाढतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं पाचव्या दिवशी गोळ्या बंद केल्या आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. म्हणून डॉक्टर लहान डोसपासून चढवतात, कधी दाखल करून देतात. एकदम बंद कधीही करू नका. साखर, बीपी, हाडं तपासत राहा, पापड-लोणच्याचं मीठ कमी करा. ॲझाथायोप्रिनला गुण यायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि त्यात रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते, ती काढावीच लागते. गाठ नसली तरी एसिटिलकोलीन रिसेप्टरची प्रतिपिंडं असलेल्यांत ग्रंथी काढल्यानं फायदा होतो आणि स्टेरॉइड कमी लागतं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. वय आणि आजाराचा प्रकार बघून डॉक्टर ठरवतात.

ताप-खोकल्याला गावच्या डॉक्टरकडे गेलो तर चालते का?

जा, पण कागद घेऊन. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव, चालू गोळ्या, न्यूरॉलॉजिस्टचा फोन आणि ही यादी लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा : जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन, इरिथ्रोमायसिन, प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, शिरेतून मॅग्नेशियम, क्विनीन, क्लोरोक्विन. या औषधांनी मायस्थेनिया बिघडू शकतो. काही अगदी टाळायची, काही मोठ्या डॉक्टरांनी तोलून द्यायची.

गडचिरोली-गोंदियाकडच्या लोकांनी मलेरियाचं खास लक्षात ठेवावं. उपचार थांबवायचा नाही, कारण तापही आजार वाढवतो, पण कोणतं औषध ते आजार सांगून ठरवू द्या. बाळंतपणात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. गरोदर रुग्णानं पहिल्याच तपासणीला आशाताईंना आणि डॉक्टरांना आजार सांगून ठेवावा.

फवारणीनं हा आजार होतो का? फवारणी करू शकतो का?

फवारणीनं मायस्थेनिया होतो असं नाही. पण कपाशीवर मारतात त्यातली ऑरगॅनोफॉस्फेट गटाची औषधं नेमकं तेच विकर अडवतात जे पायरिडोस्टिग्मिन अडवते, फक्त बेहिशेबी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अशा विषबाधेनंतर एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. ही गोळी घेणाऱ्यानं पंप पाठीवर घेऊ नये, औषध कालवू नये आणि फवारणी चालू असलेल्या वावरात थांबू नये. मजुरी बुडते, मला कळतं. घरातली दुसरी कामं त्या माणसाकडे द्या.

मे महिन्यात फार वाढते, खरं की मनाचं?

खरं आहे. उष्णतेनं जोडाचं काम आणखी ढिलं होतं, म्हणूनच बर्फानं पापणी वर येते. चंद्रपूर-वर्ध्याचा ४५ अंशांवरचा पारा या रुग्णांसाठी नाही. वावरातलं काम सकाळी नऊच्या आत, दुपारी ओला पंचा मानेवर आणि थंड खोली. दुपारचं जेवण अकराच्या आत उरकलेलं बरं.

दात काढायचा किंवा कवळी बसवायची आहे.

दंतवैद्याला खुर्चीवर बसण्याआधी आजार सांगा. सकाळची वेळ घ्या, गोळीनंतर तासाभरानं. लिग्नोकेनचं, म्हणजे जागा बधिर करण्याचं इंजेक्शन साधारणपणे चालतं. पूर्ण आडवं झोपवू नका म्हणावं, लाळ घशात जाते. अँटिबायोटिक लागलं तर वरची यादी दाखवा. वरची कवळी जागेवर धरायला गाल-जिभेच्या स्नायूंचाही आधार लागतो, म्हणून ती संध्याकाळी सटकते. आजार आटोक्यात आल्यावरच माप द्या. आणि दुखत नसलेली, न हलणारी दाढ "चावता येत नाही" एवढ्या कारणासाठी कुणालाही काढू देऊ नका.

दवाखान्यात तातडीनं कधी न्यायचं?

एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणायला लावा. वीसपर्यंत पोचत नसेल, रोजच्यापेक्षा आकडा घसरला असेल, आडवं पडल्यावर जीव घाबरत असेल, स्वतःची लाळ गिळता येत नसेल, मान सावरत नसेल, तर १०८. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मशीनवर ९७ दिसलं म्हणून थांबू नका, या आजारात ते आकडे अगदी शेवटी पडतात. श्वासाचे स्नायू थकले की व्हेंटिलेटर लागू शकतो. मग इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार देतात, आणि वेळेत पोचलेले बहुतेक लोक घरी परततात. सगळ्या रुग्णांपैकी १५ ते २० टक्क्यांवर आयुष्यात कधीतरी ही वेळ येते, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत.

एका ताटात जेवलं तर लागते का? पोरीचं लग्न होईल का?

लागत नाही. बहुधा आईबापाकडून लेकरात उतरतही नाही. आईला आजार असेल तर दहातल्या एखाद्या बाळाला जन्मल्यावर काही आठवडे दूध ओढायला ताकद कमी पडते, ते उपचारानं जातं. म्हणून बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करा. गरोदरपणाआधी गोळ्या तपासून घ्या, काही बदलाव्या लागतात. पोरीचं लग्न होतं. आजार लपवून करू नका एवढंच.

लोक म्हणतात, बुढी रुसून राहते, हासत नाही.

हसताना ओठांचे कोपरे वर जात नाहीत, फक्त मधला ओठ उचलला जातो आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. माझ्या भावाच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत आई अशीच आहे. पाहुण्यांनी नावं ठेवली. तुमच्याकडे लग्न असेल तर रुग्णाला पंगतीत बसवू नका, आधी आतल्या खोलीत शांतपणे जेवू घाला, आणि वाढणाऱ्यांना सांगून ठेवा.

अमिताभ बच्चनला झाला होता तोच का? मग पूर्ण बरा होतो?

हो, तोच. काहींचा आजार औषधांविना शांत राहतो, बहुतेकांना थोड्याफार गोळ्या लागतात, आणि नीट उपचारात आयुष्यमान जवळपास इतरांइतकंच असतं. आई आज दोन्ही वेळा जेवते, पण पळाट्या (कपाशीच्या काड्या) उपसायला जात नाही. संध्याकाळी जास्त बोलली की अजूनही घोगरी होते.

आता बरं आहे. हिवाळ्यात हुरडा खाता येईल का?

आईनंही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता, चौथ्या वर्षी. त्यांनी परवानगी दिली ती अशी : सकाळी, गोळीनंतर तासानं, कोवळा आणि दुधाळ दाणाच, आणि जबडा जड वाटला की तिथेच हात थांबवायचा. आम्ही शेकोटी संध्याकाळऐवजी सकाळी आठला पेटवली. तिनं दीड मूठ खाल्ला, उरलेला पदरात बांधून ठेवला आणि दुपारच्या झोपेनंतर परत गोळी घेऊन थोडा खाल्ला. दाणा निबर झाला असेल तर मिक्सरमधून भरडून त्याचं थालीपीठ लावा.